जम्मू-काश्मीरच्या घटनेतील विधिमंडळाचे अधिकार

भारतीय संघराज्यात स्वतःची वेगळी लिखित घटना असलेले जम्मू-काश्मीर हे एकमेव राज्य होते. ही घटना १७ नोव्हेंबर १९५६ रोजी संमत झाली, २६ जानेवारी १९५७ पासून पूर्णपणे अमलात आली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये निष्प्रभ ठरली. तिच्या १५८ कलमांपैकी कायदे करण्याच्या अधिकाराची हद्द आखणारे कलम ५ जेमतेम एका वाक्याचे आहे. भारतीय राज्यघटनेनुसार ज्या विषयांवर संसदेला या राज्यासाठी कायदे करता येतात ते वगळून बाकी सर्व विषय राज्याचे, असा त्याचा आशय. ते वाक्य बासष्ट वर्षे जसेच्या तसे राहिले, त्याच्या पोटातले विषय मात्र एकेक करून निघून गेले. त्यामुळे या विधिमंडळाच्या अधिकारांचा इतिहास शोधायचा तर राज्याच्या घटनादुरुस्त्यांइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, राष्ट्रपतींचे आदेश चाळावे लागतात.

डोग्रा राजवटीत कायदा म्हणजे महाराजांची आज्ञा. १३ जुलै १९३१ रोजी श्रीनगरच्या तुरुंगाबाहेर झालेल्या गोळीबारानंतर असंतोष उफाळला. महाराजा हरिसिंग यांनी नेमलेल्या ग्लान्सी आयोगाने गाऱ्हाण्यांची चौकशी केली आणि पुढे १९३४ मध्ये प्रजासभा अस्तित्वात आली. तिचे सदस्य ७५, त्यांतले निवडून आलेले ३३. मतदानाचा हक्क मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी आवळलेला होता. राजघराणे, सैन्य आणि परराष्ट्रसंबंध हे विषय सभेच्या कक्षेबाहेर होते. १९३९ च्या घटना अधिनियमाने निर्वाचित सदस्य ४० झाले, म्हणजे प्रथमच बहुमत त्यांचे झाले. पण त्याच अधिनियमाच्या कलम ५ ने ठणकावून सांगितले की, या किंवा इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी वैधानिक, कार्यकारी आणि न्यायिक असे सर्व अधिकार मुळात महाराजांचेच आहेत आणि त्यांच्याकडेच राहतील. प्रजासभा चर्चा करी, ठराव करी. अखेरचा शब्द राजवाड्याचा.

या सरंजामी कलमाचा सर्वांत मोठा उपयोग पुढे सरंजामशाही मोडायला झाला. जून १९४९ मध्ये हरिसिंगांनी आपले अधिकार युवराज करणसिंग यांच्याकडे सोपवून राज्य सोडले. राज्यात तेव्हा निवडून आलेले विधिमंडळ कार्यरत नव्हते. शेख अब्दुल्लांच्या मंत्रिमंडळाने तयार केलेला मोठ्या जमीनदाऱ्या संपवणारा कायदा १७ ऑक्टोबर १९५० रोजी युवराजांच्या सहीने जारी झाला. १८२ कनालांपेक्षा, म्हणजे साधारण पावणेतेवीस एकरांपेक्षा, जास्त जमीन मालकाकडून काढून घ्यायची आणि तीही मोबदल्याशिवाय, अशी तरतूद त्यात होती. युवराजांना असा कायदा करण्याचा अधिकारच नव्हता, असे म्हणत हा कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाला. १९५९ च्या निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले ते असे : महाराज निरंकुश सत्ताधीश होते, सामीलनाम्याने, म्हणजे भारतात सामील होण्याच्या कराराने, किंवा भारतीय घटनेच्या कलम ३७० ने त्यांचे कायदे करण्याचे अधिकार कमी झाले नव्हते, आणि तेच अधिकार युवराजांना मिळाले होते. कुळांच्या हाती जमीन देणारा कायदा टिकला तो राजाच्या अनिर्बंध सत्तेच्या आधारावर! (हा कायदा ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या आदेशाने रद्द झाला. गजेंद्रगडकर यांचा राज्याशी पुन्हा संबंध आला तो १९६७-६८ मध्ये, प्रादेशिक असमतोलाच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणून.)

ऑक्टोबर १९४७ च्या सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय केंद्राकडे गेले. त्यापलीकडचे काय, ते कलम ३७० ने राष्ट्रपतींच्या आदेशांवर आणि राज्याच्या संमतीवर सोडले. १९५१ मध्ये निवडून आलेल्या ७५ सदस्यांच्या संविधान सभेने आधी वंशपरंपरागत राजेपद रद्द केले, मग पाच वर्षे घेऊन घटना लिहिली. दरम्यान ऑगस्ट १९५३ मध्ये शेख अब्दुल्लांना पदावरून दूर करून अटक झाली आणि १४ मे १९५४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने भारतीय घटनेचा बराच भाग राज्याला लागू झाला. तरी समवर्ती सूची, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांची यादी, त्या आदेशात नव्हतीच, आणि शेषाधिकार, म्हणजे कोणत्याही सूचीत न सापडणाऱ्या विषयांवरचा अधिकार, राज्याकडे राहिला. इतर राज्यांत तो संसदेकडे असतो.

घटनेने विधानसभा आणि ३६ सदस्यांची विधान परिषद अशी दोन सभागृहे दिली. विधानसभेच्या १०० जागांपैकी २५ पाकव्याप्त भागासाठी रिकाम्या ठेवायच्या होत्या. पुढे हे आकडे १११ आणि २४ झाले. आणीबाणीच्या काळात देशभर विधानसभांची मुदत सहा वर्षांची झाली, इतरत्र ती पुन्हा पाचावर आली, इथे शेवटपर्यंत सहाच राहिली. परिषदेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे. अपवाद २००४ चा. राज्याबाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचे कायम रहिवासीपण काढून घेणारे विधेयक विधानसभेने मंजूर केले आणि ते परिषदेत अडकून पडले.

स्वतःच्या घटनेत विधिमंडळाला दोनतृतीयांश बहुमताने दुरुस्ती करता येई. संसदेकडे जावे लागत नसे. मात्र कलम १४७ ने तीन दारे कायमची बंद केली होती : राज्य भारताचा अविभाज्य भाग आहे असे सांगणारे कलम ३, अधिकारांचे कलम ५ आणि खुद्द कलम १४७. यांत बदल सुचवणारे विधेयक मांडताही येत नव्हते. बाकीच्या घटनेत विधिमंडळाने केलेला सर्वांत दूरगामी बदल म्हणजे १९६५ ची सहावी दुरुस्ती. तोवर राज्याचा प्रमुख, सदर-ए-रियासत, विधानसभा निवडत असे आणि राष्ट्रपती त्याला मान्यता देत. दुरुस्तीनंतर त्याच्या जागी राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल आला आणि वझीर-ए-आझमचा, म्हणजे राज्याच्या पंतप्रधानाचा, मुख्यमंत्री झाला. हा अधिकार विधिमंडळाने स्वतःच्या मतांनी सोडून दिला. तो परत घेण्याची वाट १९७५ च्या आदेशाने अरुंद केली : राज्यपालाची नेमणूक व अधिकार, निवडणुका किंवा विधान परिषदेची रचना यांविषयीची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीविना अमलात येणार नव्हती.

खरी गोम संमतीच्या व्यवस्थेत होती. भारतीय घटनेतली नवी तरतूद राज्याला लावायची तर ‘राज्य सरकारची’ सहमती लागे, विधिमंडळाची नव्हे. म्हणजे ज्या सभागृहाचा विषय कमी होणार, त्याला कोणी विचारत नसे. राज्यपाल राजवटीत तर सरकार म्हणजे स्वतः राज्यपाल, केंद्रानेच नेमलेले. १९८६ मध्ये राज्यपाल जगमोहन यांच्या सहमतीने भारतीय घटनेचे कलम २४९ लागू झाले आणि राज्यसभेच्या ठरावावरून राज्याच्या विषयावरही संसदेला कायदा करण्याची सोय झाली. देणारा आणि घेणारा एकाच बाजूचे असलेला हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत बसला असेल, पण त्याला सहमती म्हणणे शब्दाशी बेइमानी होती. कालांतराने संघसूचीतल्या, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या, ९७ पैकी ९४ आणि समवर्ती सूचीतल्या ४७ पैकी २६ नोंदी राज्याला लागू झाल्या.

तरी उरलेले थोडके नव्हते. १९९४ मध्ये केंद्राने सेवाकर आणला तो ‘जम्मू-काश्मीर वगळून’; राज्य शेषाधिकाराखाली सेवांवर स्वतःचा कर बसवत असे. म्हणूनच जुलै २०१७ मध्ये देशभर जीएसटी सुरू झाला तेव्हा इथे तो लगेच लागू होऊ शकला नाही. विधिमंडळात ठराव, मग राष्ट्रपतींचा आदेश, मग राज्याचा कायदा असे करत ८ जुलैला तो आला. फौजदारी गुन्ह्यांसाठी भारतीय दंड संहितेऐवजी रणबीर दंड संहिता चाले. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याविना कोठडीत ठेवण्याचा, विषयही राज्याचा होता, आणि त्यातून १९७८ चा सार्वजनिक सुरक्षा कायदा झाला. लाकूडतस्करांना आवरण्यासाठी म्हणून केलेला हा कायदा पुढे राजकीय विरोधकांवर सर्रास वापरला गेला. स्वायत्ततेचा वापर नेहमी नागरिकांच्या बाजूने झाला असे म्हणण्याची सोय तो ठेवत नाही.

विधिमंडळाने हद्द ताणूनही पाहिली. १९५४ पूर्वी पाकिस्तानात गेलेल्यांना व त्यांच्या वारसांना परतू देणारे पुनर्वसन विधेयक १९८२ मध्ये राज्यपालांनी परत पाठवले, तरी विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले. अंमल मात्र झाला नाही. जून २००० मध्ये विधानसभेने १९५३ पूर्वीची स्थिती मागणारा स्वायत्ततेचा ठराव केला, तो केंद्रीय मंत्रिमंडळाने काही दिवसांतच फेटाळला. २०१६ मध्ये स्टेट बँकेच्या कर्जवसुलीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भारतीय घटनेबाहेर या राज्याला सार्वभौमत्वाचा लवलेशही नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये विधानसभा विसर्जित झाली आणि डिसेंबरात राष्ट्रपती राजवट लागू झाली. ५ ऑगस्ट २०१९ च्या आदेशाने संपूर्ण भारतीय घटना राज्याला लागू झाली. विभाजनाबाबत विधिमंडळाचे मत घ्यायचे होते, ते त्याच्या वतीने संसदेनेच दिले. ३१ ऑक्टोबरपासून जम्मू-काश्मीर आणि लडाख हे केंद्रशासित प्रदेश झाले, विधान परिषद गेली, राज्याचे १५३ कायदे रद्द झाले आणि १६६ राहिले. ११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७० खालचे हे निर्णय वैध ठरवले आणि राज्याची घटना निरर्थक झाल्याचे नमूद केले.

सध्याच्या विधानसभेचे अधिकार २०१९ च्या पुनर्रचना अधिनियमातून येतात. निवडून द्यायच्या ९० जागांसाठी २०२४ मध्ये मतदान झाले. मुदत पाच वर्षांची आहे. राज्यसूची आणि समवर्ती सूचीतल्या विषयांवर तिला कायदे करता येतात; पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन विषय त्यातून वगळले आहेत.