जुनी मोटारवाहने ओळखणे

जुनी मोटारवाहने ओळखणे : रस्त्यावर, वाहनतळावर, शेताच्या बांधाशी किंवा एखाद्या जुन्या छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसलेली मोटार वा ट्रक कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि कोणत्या वर्षाचा, हे बाह्यांगावरून ठरवण्याचा छंद आणि कौशल्य. संग्रहालयात गाडीशेजारी पाटी लावलेली असते. रस्त्यावर बोधचिन्ह गळून पडलेले असते, रंग दुसराच असतो, चाके बदललेली असतात आणि गाडी नजरेसमोर राहते ती सिग्नल सुटेपर्यंतच. अशा वेळी आकारावरून कंपनी आणि साधारण दशक कळते. नेमके वर्ष मात्र दिवे, काचा, बंपर आणि समोरची रेडिएटरपुढची जाळी यांवरूनच काढावे लागते.

किती जुनी गाडी ‘क्लासिक’ मानायची, यावर सर्वांचे एकमत नाही. ऐतिहासिक वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिवा’ किमान ३० वर्षे वयाची आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ऐतिहासिक मानतो. जर्मनीत अशा गाड्यांना १९९७ पासून ‘एच’ अक्षराची वेगळी नंबर प्लेट मिळते आणि तिथेही अट ३० वर्षांचीच आहे. अमेरिकेतील अँटिक ऑटोमोबाइल क्लबला २५ वर्षे पुरतात. त्याच देशातील क्लासिक कार क्लब मात्र १९१५ ते १९४८ या काळातील निवडक उंची गाड्यांनाच तो मान देतो. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत १९०५ च्या आधीच्या गाड्या धावतात. रस्त्यावरच्या निरीक्षकाने या वयोमर्यादांत फार अडकू नये. एके काळी घरोघरी असलेली साधी चार दारांची गाडी कोणी हौसेने जपत नाही, म्हणून ती लाल रंगाच्या स्पोर्ट्स कारपेक्षा लवकर नाहीशी होते. अशी गाडी दिसली तर ती अधिक काळजीने टिपून ठेवावी.

पहिली ओळख आकृतीवरून होते. मडगार्ड स्वतंत्र, त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये सुटे हेडलाइट, दारांखाली पाय ठेवायची फळी आणि उभी जाळी दिसली, तर घडण बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीची. युद्धानंतर मडगार्ड दारांच्या पत्र्यात विरघळले आणि गाडीची बाजू सलग झाली. समोरची काच आधी मधोमध दांडी असलेल्या दोन सपाट तुकड्यांची होती, मग एकसंध वक्र झाली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी गाड्यांत ती दोन्ही बाजूंना इतकी वळली, की काच आणि दार यांमधल्या पुढच्या खांबाला गुडघ्यासारखा बाक आला. मागच्या मडगार्डवरचे शेपटीसारखे पंख १९४८ च्या कॅडिलॅकवर आले. लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटावरून ती कल्पना सुचली होती. १९५९ च्या कॅडिलॅकवर ते पंख सर्वांत उंच झाले आणि प्रत्येक पंखात गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे बसले. ती गाडी मागून पाहिली, तर दुसऱ्या कोणत्याही वर्षाची वाटणे शक्य नाही.

दिवे आणि कायदा : वर्ष ठरवायला सर्वांत भरवशाचा पुरावा दिव्यांचा, कारण ते आरेखनकाराच्या लहरीइतकेच कायद्याच्या अटींनी घडले. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून सात इंच व्यासाचे सीलबंद (काच, परावर्तक आणि दिवा एकत्र जोडलेले) गोल हेडलाइट सर्वत्र आले. १९५७-५८ मध्ये लहान चार दिव्यांना परवानगी मिळाली आणि बघता बघता साऱ्या अमेरिकी गाड्यांचे चेहरे चार डोळ्यांचे झाले. चौकोनी सीलबंद दिवे तिथे १९७५ च्या मॉडेलपासून दिसतात, तर गाडीच्या आकाराप्रमाणे घडवलेले आणि आतला बल्ब बदलता येणारे दिवे १९८४ च्या लिंकन मार्क ७ वर प्रथम आले. युरोपात हे बंधन नव्हते, म्हणून १९६१ च्या सित्रोएन अमी ६ वर आयताकृती दिवे सापडतात. सित्रोएन डीएसवर १९६७ मध्ये काचेआडचे, सुकाणूबरोबर वळणारे दिवे आले. अमेरिकेत विकलेल्या डीएसवर ती काच नसते. काचेने झाकलेल्या हेडलाइटवर तिथे १९६८ पासून बंदी होती. जग्वार ई-टाइपच्या दिव्यांवरचे काचेचे आच्छादनही याच सुमारास गेले.

त्याच १९६८ मध्ये अमेरिकेत गाडीच्या कडांना, पुढे-मागे, छोटे दिवे किंवा परावर्तक सक्तीचे झाले. शेव्हरोलेची कमारो हे याचे सुंदर उदाहरण आहे. १९६७ आणि १९६८ ची कमारो दुरून जुळ्या बहिणी वाटतात. १९६७ च्या गाडीला कडेचे दिवे नाहीत आणि दाराच्या काचेपुढे हवेसाठी उघडणारी तिकोनी काच आहे. १९६८ च्या गाडीत कडेचे दिवे आले आणि ती तिकोनी काच गेली. एवढ्या दोन खुणा पुरतात. पुढे १९७३ मध्ये ताशी पाच मैलांची धडक सोसणारा पुढचा बंपर सक्तीचा झाला, १९७४ मध्ये मागचाही. १९७४ च्या पोर्श ९११ च्या बंपरांना बाजूने भात्यासारखी घडीची रबरे आली. ब्रिटिश एमजीबीचे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी नाक आले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली. मागच्या काचेपाशी मधोमध तिसरा ब्रेकदिवा दिसला, तर अमेरिकी मोटार १९८६ च्या मॉडेलची किंवा त्यानंतरची असते, अर्थात तो नंतर बसवलेला नसेल तर.

एकाच गाडीचा अभ्यास : हजार गाड्यांची वरवरची नावे पाठ करण्यापेक्षा एका गाडीचे सगळे बदल नीट शिकावेत, नजर त्यातच तयार होते. त्यासाठी फोक्सवागनच्या बीटलइतकी चांगली गाडी नाही. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल तयार झाली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक बाहेर पडल्या होत्या आणि मूळ आकृती शेवटपर्यंत ओळखता येण्याजोगी राहिली. १९५३ च्या मार्चपर्यंत मागची काच दोन तुकड्यांत होती. मग ती एकच लंबगोल झाली आणि १९५८ च्या मॉडेलपासून मोठी, आयताकृती. १९६५ च्या मॉडेलला सर्वच काचा वाढल्या. तोवर हेडलाइट मडगार्डच्या उताराबरोबर मागे कललेले आणि काचेआड होते. १९६८ च्या मॉडेलमध्ये ते ताठ उभे राहिले आणि बंपरही जाड, सरळ झाले. १९७३ च्या मॉडेलपासून काही प्रकारांना समोरची काच फुगीर आली आणि मागचे दिवे मोठे, गोल झाले. रस्ता ओलांडताना एका नजरेत हे सारे वाचता येते. फोक्सवागनच्याच व्हॅनला १९६७ पर्यंत समोर दोन काचा होत्या, नंतर एकसंध फुगीर काच आली. त्या काचेच्या व्हॅनचे पुढचे इंडिकेटर बंपरजवळ असतील तर गाडी १९७२ पर्यंतची, वर हवेच्या जाळीशेजारी असतील तर त्यानंतरची.

इथे मॉडेलचे वर्ष आणि पंचांगातले वर्ष यांतला फरक लक्षात ठेवावा लागतो. फोक्सवागनचे नवे मॉडेल आदल्या ऑगस्टमध्ये कारखान्याबाहेर पडू लागे, अमेरिकी कंपन्यांचे शरद ऋतूत. फोर्ड मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी विक्रीस आली, कागदोपत्री मात्र ती १९६५ ची.

ट्रक व पिकअप : ट्रक ओळखणे एका अर्थाने अवघड, कारण केबिनच्या मागचा सांगाडा बहुधा दुसऱ्याच कोणी बांधलेला असतो. म्हणून केबिन, जाळी आणि बॉनेट एवढेच पाहायचे. शेव्हरोलेच्या १९४७ ते १९५५ च्या पिकअपला आडव्या पाच पट्ट्यांची जाळी होती. १९५१ मध्ये दाराला तिकोनी काच आली, १९५२ मध्ये दाबून उघडायची मूठ, आणि १९५४ मध्ये समोरची काच एकसंध होऊन जाळीही बदलली. फोर्डच्या एफ-१०० मध्ये १९५६ चे वर्ष एकटे उठून दिसते: काच बाजूला वळलेली आणि पुढचा खांब सरळ उभा, ही जोडी केबिनच्या त्या पिढीत दुसऱ्या वर्षी नाही. जीपमध्ये जाळीच्या फटी मोजाव्यात. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या पत्र्याच्या जाळीला नऊ, तर १९४५ पासूनच्या नागरी सीजे-२ए ला सात. नागरी जीपचे हेडलाइट मोठे आणि पुढे आलेले असतात व मागे उघडणारे फळकूट असते. लँड रोव्हरचे हेडलाइट १९६८-६९ च्या सुमारास जाळीतून निघून मडगार्डांवर गेले.

मोठ्या मालट्रकांत बॉनेटवरचा बुलडॉग म्हणजे मॅक कंपनीचा ट्रक हे बहुतेकांना ठाऊक असते. बेडफर्ड टीके या ट्रकला पुढे बॉनेट नाही. इंजिन आसनांमागे, आणि ते पाहायला दारामागची झडप उचलावी लागते. अमेरिकेत लांबीच्या मर्यादेमुळे बिननाकाचे, म्हणजे पुढे बॉनेट नसलेले, ट्रेलर ओढणारे ट्रक लोकप्रिय झाले. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवरची एकूण लांबीची मर्यादा उठली आणि लांब नाकाचे ट्रक परतले. तिथला बिननाकाचा ट्रक म्हणूनच बहुधा जुना.

फसगतीच्या जागा : एकाच साच्यातून अनेक देशांत गाड्या निघाल्या. फियाट १२४ पासून सोव्हिएत झिगुली झाली, जी बाहेर लाडा म्हणून विकली गेली. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेपासून अँबॅसडर झाली आणि ती २०१४ पर्यंत बनत राहिली. म्हणजे १९५० च्या दशकाचा चेहरा असलेली गाडी प्रत्यक्षात अगदी अलीकडची असू शकते. रोज कामाला लागणाऱ्या गाडीत एका वर्षाचे दार, दुसऱ्या वर्षाची जाळी असेही सापडते. अशा वेळी सहज बदलता येणाऱ्या भागांवर कमी आणि काचांची चौकट, छपराचा घाट, खांबांचा बाक यांवर जास्त विश्वास ठेवावा. नकलांचा प्रश्न वेगळा. बीटलच्या तळावर फायबरग्लासचे अंग चढवून केलेले पोर्श ३५६ स्पीडस्टर रस्त्यांवर पुष्कळ आहेत. इंजिनाचा आवाजही जवळचा, कारण बीटल आणि पोर्श ३५६ यांच्या इंजिनांचे घराणे एकच. १९६४-६५ ची पाँटियॅक जीटीओ ही दुसऱ्या मॉडेलवरची एक ऐच्छिक जोड होती, त्यामुळे चासी क्रमांकावरून (कारखान्यात गाडीला दिलेल्या ओळख-क्रमांकावरून) ती खरी की बनवलेली हे कळत नाही. १९६६ पासून मात्र तिचा क्रमांक २४२ ने सुरू होतो.

नंबर प्लेटवरही फार विसंबू नये. ब्रिटनमध्ये १९६३ पासून प्लेटवरच्या एका अक्षराने नोंदणीचे वर्ष कळू लागले, पण तिथे नव्या गाडीला जुनी प्लेट लावता येते. उलट करता येत नाही, म्हणून प्लेट दाखवते त्याहून गाडी नवी असू शकते.

खात्री हवी असेल तर शेवटी चासी क्रमांकच पाहावा. अमेरिकी गाड्यांत तो १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून समोरच्या काचेतून वाचता येतो. १९८१ च्या मॉडेलपासून तो सतरा अक्षर-अंकांचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात आणि दहावे स्थान मॉडेलचे वर्ष सांगते: बी म्हणजे १९८१, सी म्हणजे १९८२. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. उभ्या गाडीचा क्रमांक पाहण्याआधी मालकाला विचारावे, आणि छायाचित्र कुणाला दाखवायचे असेल तर नंबर प्लेट झाकावी. छायाचित्र तिरक्या कोनातून घ्यावे, म्हणजे चेहरा आणि बाजू एकत्र येतात. दुसरे मागून घ्यावे, कारण मागची काच आणि मागचे दिवे नसले तर वर्षाचा वाद मिटत नाही.