पार्श्वभूमी : अवघडलेला विनोद आणि उसना हशा

घोडबंदर रस्त्यावर आणि पलीकडे मिरा रोडला मालिकांचे इतके सेट आहेत, की विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जाऊन आलेलं कुणी ना कुणी ठाण्यात ओळखीत निघतंच. आल्यावर तक्रार ठरलेली: स्किट सुरू व्हायच्या आधीच आम्हाला हसवून घेतलं. टाळ्या आणि खिदळणं आधी टिपून ठेवायचं आणि संकलनात हवं तिथं चिकटवायचं, ही या धंद्यातली जुनी सोय. अडखळणाऱ्या, नजर चुकवणाऱ्या, समोरच्यासकट बघणाऱ्यालाही अवघडून टाकणाऱ्या विनोदवीराला मराठी छोट्या पडद्यावर जागा उशिरा मिळाली, त्याचं बरंचसं कारण या सोयीत आहे.

मुळं शोधत तमाशाच्या बतावणीतल्या सोंगाड्यापर्यंत जाता येईल, पण ते ओढूनताणून. सोंगाड्या हजरजबाबी; हा नट उत्तर सुचत नाही म्हणून हसवतो. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवरून घरोघरी पोचलेला भिडस्त चिमणराव त्याच्या जास्त जवळचा. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, अमेरिकेत एक तरुण विनोदवीर टीव्हीवर रेकॉर्ड लावून नुसता उभा राहिला होता. गाण्यातली एकच ओळ आली की तेवढ्यापुरते आवेशात ओठ हलवायचे, बाकी वेळ कसंनुसं ताटकळायचं. लोकांना हसू फुटलं ते त्या ताटकळण्याला.

हशाचा वाद याच्याही आधीचा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या एका ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हास्याची पेटी बनवली आणि विनोदी मालिकांना ती चिकटली ती चिकटलीच. १९७२ मध्ये सुरू झालेली 'मॅश' ही युद्धभूमीवरच्या इस्पितळाची मालिका. निर्मात्यांना हशा नकोच होता, वाहिनीला हवा होता. तडजोड अशी निघाली, की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा वाजणार नाही, बाकी ठिकाणी वाजेल. ब्रिटनमध्ये हीच मालिका मुळात हशाविना दाखवली गेली. म्हणजे विनोद तोच, संवाद तेच, आणि कधी हसायचं हे एका देशात वाहिनीने ठरवलं, दुसऱ्या देशात घरातल्या माणसांनी. २००१ च्या ब्रिटिश 'द ऑफिस'ने तर पेटी साफ बाद केली. साहेबाचा पांचट विनोद पडतो, कुणी हसत नाही, कॅमेरा हटत नाही. तिथं हशा घातला असता तर साहेब जिंकला असता आणि मालिका संपली असती. २०१९ मध्ये तिची हिंदी आवृत्ती आली, तेव्हा आपल्याकडे मोबाइलवर मूळ मालिका पाहिलेली पोरं होतीच.

मराठीत प्रश्न पेटीचा नव्हे, खुर्चीचा. १९९९ नंतर खासगी वाहिन्या आल्या, पुढे स्किटच्या स्पर्धा आल्या आणि रंगमंचासमोर परीक्षक बसले. वाक्य संपलं की कॅमेरा परीक्षकांच्या हसण्यावर. समर्थक म्हणतात, दिवसभर राबून आलेल्या माणसाला खळखळून हसणारं माणूस बघायला आवडतं. खरं आहे. त्या खुर्च्यांपुढे कितीतरी नट मोठे झाले, हेही खरं. पण अवघडलेपणाला चार-पाच सेकंद निव्वळ काहीच न घडणं लागतं, आणि तेवढ्यात खुर्चीतून हसू आलं की नटाची सुटका होते. त्याची सुटका होऊ न देणं हाच तर या विनोदाचा कणा.

ती शांतता पेलायची सवय आपल्या नटांना नव्हती असं मात्र नाही. १९७८ पासून उभ्या असलेल्या ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, नंतर वाशीच्या भावे नाट्यगृहातही, एकांकिका करणारी पोरं घेतलेला पॉज ताणून धरायला शिकलीच. मागच्या रांगेतून 'आवाऽऽज' आला तरी हलायचं नाही. हीच मंडळी पुढे मालिकांत गेली आणि तिथं पॉज संकलकाच्या हवाली झाला.

२०१५ च्या आगेमागे मराठी वेबमालिका आणि यूट्यूबवरचे उपक्रम सुरू झाले, तेव्हा तो पॉज नटाच्या हाती परत आला. मुलाखतीत नको तो प्रश्न विचारून पाहुण्याला गप्प करणारा यजमान, कॅमेऱ्याकडे बघून कसंनुसं हसणारा नोकरदार, अशी पात्रं तिथली. मग ठाण्या-वाशीतल्या कॅफेंमधले ओपन माइक: हातात माइक, वेळ पाच मिनिटं, हशा मिळेलच असं नाही. त्यातला तुकडा रील म्हणून टाकताना मात्र तीच पोरं मधली शांतता कापतात आणि वर हसण्याचा तयार आवाज लावतात. या वेळी तसं करायला त्यांना कुठल्या वाहिनीने सांगितलेलं नसतं.