रिटा हेवर्थचं कपाळ आणि कॉस्टिक सोडा

जुन्या हॉलिवूडची अभिनेत्री रिटा हेवर्थ हिच्या दोन छायाचित्रांची जोडी समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते. एकात काळेभोर केस कपाळावर खूप खाली उतरलेले, दुसऱ्यात रुंद कपाळ आणि तांबूस केस. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, 'प्लास्टिक सर्जरी'. कपाळापुरतं तरी हे चूक आहे. तिथे शस्त्र चाललं नाही, रसायन चाललं, आणि तेही एकेका केसावर.

1918 साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेली ही मार्गारिता कान्सिनो, स्पॅनिश नर्तकाची मुलगी. 'परदेशी' दिसणाऱ्या मुलीला हॉलिवूड नायिका करायला तयार नव्हतं. कोलंबिया स्टुडिओत आल्यावर तिला आईकडचं आडनाव मिळालं, केस रंगवले गेले आणि विद्युत अपघटनाने केसांची रेषा मागे सरकवली गेली.

ही पद्धत मला विलक्षण वाटते. केस ज्या केशकुपातून उगवतो त्यात बारीक सुई सरकवायची आणि ती बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायची. धन टोक त्या व्यक्तीच्या हातात. त्वचेतला ओलावा म्हणजे मिठाचं पाणीच. सुईपाशी पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन उरतात. शेजारी सोडियमचे आयन असतातच. म्हणजे केसाच्या मुळाशी सोडियम हायड्रॉक्साइड तयार झालं. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा हाच! तो प्रथिनं विरघळवतो आणि केस घडवणाऱ्या पेशी मारतो. वीज काही जाळत नाही, फक्त जागच्या जागी अल्कली बनवते.

किती? जितका विद्युत प्रभार वाहतो तितक्या प्रमाणात पदार्थ तयार होतो, या फॅरडेच्या नियमाने हिशेब सोपा आहे. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला तर 0.03 कूलोम प्रभार. त्याला 96,485ने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार) भागून 40ने (एक मोल कॉस्टिक सोड्याचे ग्रॅम) गुणलं की सुमारे 12 मायक्रोग्रॅम कॉस्टिक सोडा. एका केसाला एवढा पुरतो. मात्र टोकांची अदलाबदल चालत नाही. सुई धन टोकाला जोडली तर तिचाच धातू विरघळून त्वचेत काळे डाग उमटू शकतात.

हे कळलं की बेसन-हळदीचा लेप केस कायमचे घालवतो या दाव्यात तथ्य का नाही तेही कळतं. लेप मुळापर्यंत पोचतच नाही. केस काढायच्या लेझरलासुद्धा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 'कायमची घट' एवढंच म्हणायची मुभा दिली आहे, 'कायमचं निर्मूलन' नाही.

डोक्यावरचे साधारण दहा टक्के केस कुठल्याही क्षणी विश्रांतीत असतात, त्यांच्यावर हा उपाय नीट लागू पडत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा बसावं लागतं, आणि दर वेळी केशकुपाभोवतीच्या मज्जातंतूंना ते झोंबतं. विशीच्या आसपासच्या मुलीला हे सोसावं लागलं, याचा मला राग येतो. 1875मध्ये सेंट लुईसचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी ही पद्धत मांडली ती आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी. त्या रुग्णांची दृष्टी पणाला लागलेली होती. रिटाच्या केसांनी तिला कसलाच त्रास दिलेला नव्हता.