ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय, मग श्वास ठीक आहे?

कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि त्याच्यासोबत एक समजही रुजला: आकडा ९५ च्या वर असेल तर दवाखान्याची घाई नको. मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णाला हा समज जिवावर बेतू शकतो.

या आजारात नसेचा निरोप स्नायूला नीट पोचत नाही. पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, संध्याकाळी गळून जाणं हे घरच्यांच्या सवयीचं झालेलं असतं. पण श्वासाचे स्नायू थकू लागले की आधी शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी घसरतो, तोही कधीकधी झपाट्याने.

म्हणून बोटाकडे नव्हे, माणसाकडे बघा. आडवं झाल्यावर दम लागतो का? वाक्य मध्येच तुटतं का? खोकल्यात जोर नाही, पाणी गिळताना ठसका लागतो, मान सावरत नाही? एका दमात विसापर्यंतही मोजता येत नसेल, तर थेट १०८. मोजता आलं, पण बाकीची लक्षणं आहेत? तरीही निघाच.

‘एक जादा गोळी देऊन बघू’ हा घरगुती सल्ला तर नकोच. पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे या आजाराची नेहमीची गोळी, जास्त झालं की लाळ आणि कफ वाढतो, अशक्तपणाही वाढू शकतो.

रुग्णालयात पोचताच आजाराचं नाव सांगा. कारण जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी स्नायू आणखी ढिले पडू शकतात.