ज्युव्हेनाइल ड्रग कोर्ट
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बालन्यायव्यवस्थेचा एक उपचारप्रधान विभाग. गुन्ह्यात सापडलेल्या आणि गांजा, दारू वा अन्य अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या किशोरांना कोठडीत न धाडता न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार देणे, हे त्याचे काम. ‘कोर्ट’ म्हटले जात असले तरी स्वतंत्र इमारत वा न्यायासन बहुधा नसते. नेहमीच्याच बालन्यायालयात ठरावीक वारी लागणारा तो वेगळा बोर्ड (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) असतो.

प्रौढांसाठीचे पहिले ड्रग कोर्ट फ्लॉरिडातील मायामी-डेड काउंटीत १९८९ मध्ये सुरू झाले, याबद्दल वाद नाही. किशोरांसाठीचे पहिले कोणते, याविषयी मात्र एकमत नाही. फ्लॉरिडातील की वेस्ट (१९९३) आणि कॅलिफोर्नियातील व्हिसेलिया (१९९५) ही दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात. मुळात शिकागोत १८९९ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या बालन्यायालयापासूनच शिक्षेपेक्षा सुधारणेची भाषा तेथे रुळलेली होती. त्यामुळे बालन्यायालयाचे नित्याचे काम कोठे संपते व ड्रग कोर्ट कोठे सुरू होते, ही रेषाच पुसट आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाचा मध्य, एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. १९९४ च्या संघीय गुन्हेनियंत्रण कायद्यातून अनुदान मिळू लागल्यावर प्रसार झाला.

कार्यक्रम साधारण वर्षभराचा व टप्प्याटप्प्यांचा असतो. सुनावणीपूर्वी न्यायाधीश, सरकारी व बचाव पक्षाचे वकील, परिवीक्षा अधिकारी (कोठडीबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा, ‘प्रोबेशन ऑफिसर’), समुपदेशक व काही ठिकाणी शाळेचा प्रतिनिधी एकत्र बसून प्रत्येक मुलाचा आठवडा तपासतात. मग मुलगा पालकांसह न्यायाधीशांपुढे उभा राहतो. शाळेत किती दिवस गेला, घरी किती वाजता परतला, चाचणी कशी आली, हे थेट त्यालाच विचारले जाते. आठवडा चांगला गेला असेल, तर काही न्यायालयांत काचेच्या भांड्यातली चिठ्ठी उचलायला मिळते. चिठ्ठीवर कधी नुसती शाबासकी, कधी एखादे छोटे बक्षीस.

लघवीची चाचणी हा या व्यवस्थेतील कळीचा आणि सर्वांत फसवा भाग. गांजातील टीएचसी हे द्रव्य शरीरातील चरबीत साठते व सावकाश बाहेर पडते. नियमित सेवन करणाऱ्याने ते पूर्ण थांबवले, तरी काही आठवडे चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. पाणी जास्त प्यायल्यास नमुना पातळ होतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलनाही दिशाभूल करते. म्हणून लागोपाठच्या नमुन्यांत टीएचसीपासून शरीरात बनणाऱ्या चयद्रव्याचे क्रिएटिनिनशी (लघवी किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या द्रव्याशी) असलेले गुणोत्तर पाहतात. ते उतरत असेल, तर नवे सेवन नसावे असा कयास बांधता येतो. ही काळजी न घेतल्यास गांजा सोडलेल्या मुलालाच शिक्षा होते.

परिणामकारकतेबाबत निष्कर्ष जुळत नाहीत. संशोधक मिचेल व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या संकलित आढाव्यानुसार पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचे प्रमाण ५० टक्के धरल्यास प्रौढ ड्रग कोर्टांमुळे ते सुमारे ३८ वर येते, किशोरांच्या बाबतीत मात्र ४३.५ च्या आसपासच थांबते. सिनसिनाटी विद्यापीठाच्या नऊ ठिकाणच्या पाहणीत तर एकंदरीत ड्रग कोर्टातील मुलांची कामगिरी नेहमीच्या परिवीक्षेवरील मुलांपेक्षा उणी आढळली. टॅनर-स्मिथ, लिप्सी व विल्सन या संशोधकांना (२०१६) अनेक अभ्यास एकत्र पाहता किशोरांच्या ड्रग कोर्टांमुळे सरासरी फरकच दिसला नाही.

याउलट साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन काउंटीत हेंगलर व सहकाऱ्यांनी १६१ किशोरांना यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागले (२००६). नेहमीच्या कौटुंबिक न्यायालयापेक्षा (तेथे बालगुन्ह्यांची प्रकरणेही त्यातच चालतात) ड्रग कोर्टाच्या गटांत सेवन घटले. घरी जाऊन आईवडील, शाळा व मित्रमंडळ यांच्यासह काम करणाऱ्या ‘मल्टिसिस्टिमिक थेरपी’ची जोड मिळाली तेथे ते आणखी घटले. पुन्हा अटक होण्याच्या प्रमाणात मात्र तसा फरक पडला नाही. प्रस्तुत लेखकास हाच धागा अधिक भरवशाचा वाटतो : न्यायालय मुलाला उपचारापर्यंत आणते, गुण येतो तो उपचाराचा. प्रौढांच्या व्यसनमुक्ती सभांचा साचा किशोरांवर बसवणे, किंवा वात्रट मुलांचाच गट करून त्यांना एकमेकांचे शागीर्द बनवणे, या चुका सुरुवातीस पुष्कळ झाल्या.

संघीय बालन्याय कार्यालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा कल दिसतो. प्रवेश साधारण १४ वर्षांपुढील, प्रत्यक्ष व्यसनविकार असलेल्या व पुन्हा गुन्ह्याचा मध्यम ते अधिक धोका असलेल्यांनाच द्यावा. कुटुंबाला सामील करून घ्यावे. प्रोत्साहने शिक्षांच्या बरोबरीने किंवा अधिक असावीत. कोठडी क्वचितच वापरावी, असे त्यांत सुचविले आहे. सहज, कधीमधी ओढणाऱ्या मुलाला या चक्रात न घालणे हीही सुधारणाच होय.

भारतीय कायद्यात या धर्तीची न्यायालये नाहीत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ खाली बाल न्याय मंडळ मुलास व्यसनमुक्ती कार्यक्रमास पाठवू शकते. मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास कलम ७७ अन्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.