वादळात आडवी झालेली बाग आणि उधारीची वही

मे-जूनमध्ये तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात वादळी वारा सुटला, की कापणीला आलेली केळीची बाग तासाभरात आडवी होते. नुकसान शेतकऱ्याचे झाले, असे आपण म्हणतो. पण त्या रात्री गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या मालकालाही झोप लागत नाही. खते, औषधे आणि ठिबकच्या नळ्या त्याने उधारीवर दिलेल्या असतात, ती रक्कम घड कापून गाडी भरली गेल्यावर मिळायची असते, आणि तिकडे घाऊक विक्रेत्याच्या बिलाची मुदत संपत आलेली असते. अशा वेळी जुनी बाकी पुढच्या हंगामावर ढकलून वर नव्या लागवडीसाठी खताची चार पोती देणारा दुकानदार भाबडा म्हणायचा की शहाणा?

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील तीन कोरडवाहू गावांतील कुटुंबांचे अनेक वर्षांचे हिशेब तपासले. त्यांतील कांझरा हे गाव खानदेशाच्या शेजारच्या विदर्भातील अकोला जिल्ह्यातले आहे. एखाद्या घराचे उत्पन्न घसरले, तरी त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च त्या प्रमाणात घसरत नव्हता, तर तो बव्हंशी गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होत होता. उसनवारी, भेटी आणि उधारी यांसारख्या व्यवहारांतून गावे आपला विमा आपणच उतरवत होती, असा त्याचा अर्थ लावता येतो. हे संरक्षण परिपूर्ण मात्र नव्हते. एका गावात भूमिहीनांच्या वाट्याला ते कमी येत असल्याचे दिसले, आणि ज्याच्याकडे परतफेडीला काही नाही त्याच्यापाशी उधारी आखडते हे पाहता त्यात नवल नाही.

ज्याला मदत केली तोच परत करील, असेही नाही. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड या संशोधकांनी 1998 मध्ये गणिती प्रारूपातून दाखवले, की मदत करणाऱ्याची पत इतरांच्या नजरेत वाढते आणि पुढे भलताच कोणीतरी त्याच्या मदतीला येतो. त्याच प्रारूपात सरसकट सर्वांना देणारे वाढले, की फुकट्यांचे फावते. टिकतात ते माणूस पारखून देणारे. वही चाळताना बुडवा कोण आणि अडलेला कोण हे ओळखणारा दुकानदार हेच गणित रोज मांडत असतो.

खरी अडचण वेगळीच आहे. वादळ एका बागेवर येत नाही. शिवारातले सगळेच एकदम अडचणीत आले, तर शेजारी शेजाऱ्याला काय देणार? तेव्हा उपयोगी पडते ती शिवाराबाहेरची ओळख. 1 फेब्रुवारी 1997 रोजी जपानमध्ये आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाच्या मोटारींना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह मिळेनासा झाला. हा भाग जवळजवळ सगळा तिथेच बनत असल्याने टोयोटाचे उत्पादन ठप्प झाले. मोबदल्याची बोलणी आधी न करता इतर पुरवठादारांनी आराखडे मागवून घेतले, शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही ते व्हॉल्व्ह बनवले, आणि काही दिवसांतच मोटारी पुन्हा बाहेर पडू लागल्या. वर्षानुवर्षे एकमेकांशी व्यवहार केल्याने कोण शब्दाला जागेल हे त्यांना ठाऊक होते.

रावेरच्या दुकानदारापाशी एवढी यंत्रणा नसते. पण धरणगाव-पारोळ्याकडच्या कापूसवाल्यांत गिऱ्हाईक असेल आणि जळगावच्या घाऊक विक्रेत्याशी चांगल्या दिवसांत वेळेवर फेडीचा व्यवहार ठेवलेला असेल, तर केळी आडवी झालेल्या हंगामातही त्याच्या दुकानात माल उतरतो.