मैत्री पूल नक्की कुठला, पहिला की दुसरा?

गणपतीत आरोंद्याला घरी सगळे जमलेले, तेव्हा भाच्याने फोन काढून दाखवला, मामा मी थायलंडहून लाओसला मैत्री पुलावरनं जाणार, सगळं बुक झालंय. मी विचारलं कुठल्या मैत्री पुलावरनं रे, तर हा माझ्या तोंडाकडे बघतोय. हॉटेल नोंग खाईला आणि पुढची बस मुकदाहानहून! मधे तीनेकशे किलोमीटर.

दोन्ही पूल मेकाँग नदीवर, दोन्ही थाई-लाओ मैत्री पूल, नुसता पहिला-दुसरा एवढाच नावात फरक, मग घोळ होणारच. पहिला १९९४ चा, नोंग खाईचा, ऑस्ट्रेलियाच्या पैशातनं झालेला, लांबी ११७० मीटर. पलीकडे लाओसची राजधानी व्हिएन्तियान वीसेक किलोमीटरवर, म्हणून फिरायला जाणारे बहुतेक इथूनच जातात. दुसरा मुकदाहानचा, समोर लाओसमधलं सावन्नाखेत, २००६ साली जपानच्या कर्जावर बांधलेला, १६०० मीटर. त्या रस्त्याने सरळ पुढे व्हिएतनाम, त्यामुळे मालाच्या ट्रकांना तो जास्त सोयीचा.

पण खरी गंमत लेनची आहे. थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून गाडी चालवतात, लाओसमध्ये उजवीकडून, मग कुठेतरी बाजू बदलायलाच हवी ना. नोंग खाईच्या पुलावर अख्खा पूल डावीकडूनच जायचं आणि पलीकडे लाओसच्या चौकीआधी सिग्नलवर बाजू बदलायची. मुकदाहानला उलटं, तिथे पुलावर चढायच्या आधी थायलंडातच बदलायची, म्हणजे पूल उजवीकडून. महाराष्ट्र-गोवा सीमेवर आपल्या बांद्याच्या नाक्यावर हा ताप कधी आलाच नाही, पोर्तुगालने १९२८ ला उजवी बाजू धरली तरी गोव्यात डावीच राहिली, त्यामुळे १९६१ च्या आधी तिकडे परका देश होता तरी बाजू तीच.

फोटोवरून ओळखायचं असेल तर रस्त्याच्या मधोमध रूळ दिसतोय का बघा. रूळ दिसला की नोंग खाई. एकेरी मीटर गेज, २००९ पासून त्यावरनं ट्रेन जाते आणि ती आली की पुलावरच्या गाड्या थांबवून ठेवतात. मुकदाहानच्या पुलावर रूळ नाही, नुसते दोन लेन.

भाच्याने तिथल्या तिथे, मोदक हातात घेऊन, बस कॅन्सल केली. पैसे अर्धेच परत आले.